मिस्टर मॅनिगो घरी न परतल्याबाबत

शेरीफ ठाणे, विल्टन फेरी, साउथ कॅरोलिना. ऑक्टोबर १९५६, सोमवार, दुपार.

नाव मिसेस इझोला मॅनिगो, वय एकेचाळीस, धंदा शिक्षिका, काळ्या मुलांची शाळा, इयत्ता सहावी. राहणार जुन्या गिरणीचा रस्ता, पाइनच्या राईमागे. डेप्युटी स्ट्रिकलंड साहेबांनी नाव म्हणून नुसतं ‘इझोला’ टाइप करायला सांगितलं. सरकारी कागदावर खरं तेच असावं म्हणून मी पूर्ण नाव टाइप केलं आहे.

मी समक्ष हजर राहून सांगते की, ठाण्यातल्या टायपिस्ट बाई जेवायला गेल्या आहेत आणि साहेबांना एका बोटाने टाइप करायचा कंटाळा आहे, म्हणून साहेबांनी मलाच यंत्रापुढे बसवलं. साहेब म्हणाले, “मास्तरीण ना तू? मग टाइप कर. या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं. एक शब्द गाळायचा नाही, सांगून ठेवतो.” त्याप्रमाणे करते आहे. या यंत्राची मला सवय नाही, त्यामुळे काही ठिकाणी अक्षरावर अक्षर चढलं आहे. त्याबद्दल माफी असावी.

माझे पती मिस्टर एल्बर्ट मॅनिगो, वय सेहेचाळीस, त्याच शाळेत गणित शिकवतात. ते काल रविवारपासून घरी आलेले नाहीत. त्यांची हिरवी गाडीही आलेली नाही. मी सकाळी ठाणं उघडल्यापासून बाहेरच्या बाकावर बसून होते, आत आता बोलावलं.

काल चर्च सुटल्यावर आमच्या घरी वाढदिवसाचं जेवण होतं. वाढदिवस मिस हॅटी सिंगलटन यांचा. हॅटीबाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना नीट दिसत नाही, मला आणि मिस्टर मॅनिगो यांना त्यांनीच मुळाक्षरं शिकवली. लाल चवळी घातलेला भात, तळलेली कोंबडी, भेंडी आणि नारळाचा केक असा बेत होता. काही मंडळी आली होती.

साहेबांनी विचारलं, “काही म्हणजे कोण कोण?”

मी म्हणाले, “जेवायला येणारी मंडळी, साहेब.”

साहेब म्हणाले, “नावं सांग, इझोला. नावं सांगितलीस तर तुझा नवरा लवकर सापडेल. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय.”

मी नावं सांगितली नाहीत. साहेब हसले आणि त्यांनी डबा उघडला.

दिवेलागणीला मिस्टर मॅनिगो हॅटीबाईंना घरी सोडायला निघाले. बाकीचे सगळे तेव्हा स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. अंगणात आम्ही तिघंच होतो. हॅटीबाईंचं घर खाडीपलीकडे आहे, जाऊन यायला फार वेळ लागत नाही. मिस्टर मॅनिगो गाडीत बसता बसता म्हणाले, “केक झाकून ठेव गं. त्या घोळक्यानं माझ्या वाटणीत चमचा बुडवला तर मी उद्या सगळ्यांना पाढे म्हणायला लावेन.” त्यांचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. केक अजून झाकलेलाच आहे.

आज पहाटे मी चालत हॅटीबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “अगं पोरी, मला दारात सोडलंन त्यानं. म्हणाला, बाई, तुमचा दिवा लागला की मी जातो. मी दिवा लावला. त्याची गाडी निघाली. आणि मग तिच्या मागोमाग दुसरी निघाली. मला दिसत नसेल, पण ऐकू येतं. ती दुसरी गाडी आमच्या आळीतली नव्हती.” एवढं सांगून त्या रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी तिथून तशीच ठाण्याकडे चालत निघाले.

साहेबांचं म्हणणं पडलं, “गेला असेल एखादीकडे. नाहीतर उत्तरेची गाडी पकडली असेल. तुमचे पुरुष उठतात आणि चालू पडतात, त्यात नवल काय?” यावर मी सांगते की मिस्टर मॅनिगो यांचा कोट खुंटीला आहे, आणि पाचवीचे गणिताचे पेपर अर्धे तपासून टेबलावर पडले आहेत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. पेपर अर्धवट टाकून हा माणूस कधी झोपलासुद्धा नाही, उत्तरेला कुठला जातोय!

साहेबांनी विचारलं की त्याचं कोणाशी वाकडं होतं का. मी नाही म्हणाले. साहेब म्हणाले, “शाळा बोर्डाशी?” मी यंत्रात नवा कागद घातला.

त्यानंतर साहेब खात खात जे बोलले ते हुकमाप्रमाणे शब्द न गाळता टाइप करते. “वाढदिवस म्हणे! वाढदिवसाला गाड्या तोंड रस्त्याकडे करून कोण लावतं गं? सगळ्याच्या सगळ्या, दरोडा घालायला आल्यासारख्या. आणि तो तुझा नवरा. म्हातारीची काठी आत राहिली म्हणून परत पळतो, तेव्हासुद्धा गाडी चालूच ठेवतो. एवढी कसली घाई म्हणतो मी?”

इथे मी थोडा वेळ थांबले होते. साहेबांनी “काय झालं, बोटं दुखली?” असं विचारलं. मी नाही म्हणाले आणि पुन्हा सुरुवात केली.

गाड्यांबद्दल सांगते. आमच्या मंडळींना आता तशीच सवय झाली आहे. चर्च असो, मयत असो, जेवण असो, गाडी मागे घेत आत आणायची आणि तोंड रस्त्याकडे ठेवायचं, म्हणजे निघायची वेळ आली तर वळवत बसायला नको. मार्चमध्ये एका शिक्षकाच्या गाडीची मागची काच फुटली तेव्हापासून हे सुरू आहे. काल आम्ही केक आणला, मेणबत्त्या आणल्या, खिडक्या उघड्या ठेवून मोठमोठ्याने गाणंसुद्धा म्हटलं. गाड्या कशा दिसतील हे मात्र आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. वाढदिवसाला आलेला माणूस गाडी कशीही लावतो. आम्ही घाबरलेल्या माणसांसारख्या लावल्या. ही आमची चूक.

पण मी आजपर्यंत, म्हणजे या घटकेपर्यंत, गाड्या कशा लावल्या होत्या हे कोणालाही सांगितलेलं नाही. काठीबद्दलही नाही. वरचा मजकूर तपासून पाहावा, त्यात माझ्या तोंडी काठीचा शब्द नाही. काठी आणायला मिस्टर मॅनिगो परत आत गेले तेव्हा अंगणात हॅटीबाई गाडीत बसलेल्या होत्या आणि मी पायरीवर उभी होते. रस्त्यावरून आमचं अंगण दिसत नाही, मध्ये राई आहे. दिसतं ते फक्त मागच्या बाजूने, भुईमुगाच्या शेतातून, तेही बांधापर्यंत चालत आलं तर. काल त्या वेळी शेजारचा कुत्रा बांधाकडे तोंड करून भुंकत होता. मीच त्याला गप्प बस म्हणाले.

साहेबांना आपण काय बोललो हे अजून कळलेलं नाही. ते सफरचंद कापत आहेत. मला फार भीती वाटते आहे. उठून पळत सुटावं असं वाटतं, पण पळाले तर मिस्टर मॅनिगो कुठे आहेत हे मला कोण सांगणार? या गावात ते ज्याला ठाऊक आहे असं मी नक्की म्हणू शकते, असा एकच माणूस आहे आणि तो माझ्यापासून दोन हातांवर बसला आहे.

म्हणून मी माझा आधीचा जबाब दुरुस्त करते. काल वाढदिवस नव्हता. शिक्षकांची बैठक होती. येत्या गुरुवारी शाळा बोर्डापुढे आम्ही सगळ्यांनी पालकांना घेऊन एकत्र उभं राहायचं ठरवलं. आमची पोरं सहा-सहा मैल चालत येतात आणि गोऱ्या मुलांची बस त्यांच्या अंगावर चिखल उडवत जाते. आमच्या वाट्याला त्यांच्या शाळेतली टाकलेली पुस्तकं येतात, आतली पानं फाटलेली. देशाच्या वरिष्ठ कोर्टाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एक करा म्हणून निकाल दिला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. हे सगळं बोर्डापुढे बोलणार कोण, असं निघालं तेव्हा मिस्टर मॅनिगो म्हणाले, “मी बोलतो. मला बेरीज येते.” सगळे हसले. मी हसले नाही.

काळ्या माणसांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणारी जी संघटना आहे, तिची मी सभासद आहे. आपल्या राज्याच्या यंदाच्या कायद्याप्रमाणे तिच्या सभासदाला शाळेत नोकरी नाही, हे मला माहीत आहे. माझी जाईल. बाकी कोणाचं नाव मी सांगणार नाही, कितीही बसवून ठेवलं तरी.

माझी विनंती एवढीच आहे की काल दिवेलागणीला भुईमुगाच्या शेतात कोण उभं होतं, आणि हॅटीबाईंच्या दारातून मिस्टर मॅनिगो यांच्या मागोमाग कोणाची गाडी निघाली, हे डेप्युटी स्ट्रिकलंड साहेबांना विचारण्यात यावं. त्यांनी उत्तर द्यावं. माझे पती जिवंत असतील तर मला ते हवे आहेत. नसतील तर कुठे आहेत ते सांगावं, मी त्यांना घरी नेईन.

मजकूर माझा आहे, माझ्याच हाताने टाइप केला आहे. सही करण्याआधी जबाब मोठ्याने वाचावा लागतो, असा इथला नियम आहे. साहेब आत्ताच म्हणाले, “झालं? मग वाच, आणि आटप.”

उकाड्यामुळे दार उघडं आहे. बाहेर व्हरांड्यात गाड्यांच्या नंबराच्या नव्या पाट्या घ्यायला रांग लागली आहे, गोऱ्यांची एक, आमची एक, मिळून चाळीसएक माणसं तरी असतील. एवढ्यांच्या कानावर एखादी गोष्ट गेल्यावर ती परत कागदात कोंडता येत नाही. मी उभी राहते आहे. आवाजाला काही झालेलं नाही. बावीस वर्षं मी शेवटच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जाईल असंच वाचत आले आहे, आताही तसंच वाचणार आहे.

सही
मिसेस इझोला मॅनिगो