हास्यक्लब आणि मालनबाईंचा हात

मंडळी, आख्यान लावण्याआधी एकच विचारतो. देवापुढे जोडताना हात कसे हलके असतात! तेच हात दुसऱ्याच्या जिवासाठी वर करायचे म्हटलं, की जड का होतात? आत्ता नका सांगू. ऐका!

एक कॉलनी होती. तिथं पालिकेचं सभागृह, आणि सभागृहात रोज संध्याकाळी सहाला हास्यक्लब. निवृत्त मंडळी गोल उभी राहून हसायची — हा हा, हो हो! कशासाठी? रक्तदाबासाठी! डॉक्टरांनीच सांगितलेलं.

कॉलनीमागं वस्ती. तिथल्या मालनबाई कॉलनीत सात घरची धुणीभांडी करायच्या. त्यांनाही रक्तदाब. हो, तोच! आजार काही वेगळा नव्हता. पण सरकारी दवाखाना सकाळी नऊ ते बारा, आणि नऊ ते बारा बाई कुठं? आपल्या मोरीत! गोळ्या आणायच्या कधी?

पालिका म्हणाली, संध्याकाळी सहा ते आठ सभागृहातच दवाखाना चालवू. रहिवाशांचं मत घ्या. सभा भरली. अध्यक्ष उपासनीसाहेब उठले.

"गरिबांना उपचार मिळालेच पाहिजेत!" टाळ्या!

"आरोग्यातली विषमता हटलीच पाहिजे!" आणखी टाळ्या!

"फक्त — सहाला आपलं हसणं असतं."

अहो, शेजारी मैदान होतं! पण उघड्यावर हसलं तर लोक वेडं म्हणतात ना!

"दवाखान्याच्या बाजूनं हात वर करा." चाळीस माणसं. सगळे हात मांडीवर! मागं चहा देणाऱ्या मालनबाईंनी ट्रे डाव्या हातावर पेलला आणि उजवा वर केला.

"हे रहिवाशांसाठी आहे हो, बाई," साहेब प्रेमानं म्हणाले. "दोन कप इकडे द्या."

"देते की. पर सायेब, आठ दिस झाले, डोकं गरगरतंय."

"मग हसत जा!"

सगळे हसले. त्या दिवशीचा व्यायाम तिथंच उरकला!

तीन आठवड्यांनी, भांडी घासता घासता, बाई उपासनींच्याच मोरीत कोसळल्या. जीव वाचला. उजवी बाजू गेली. तो वर केलेला हात, मंडळी, आता घाससुद्धा उचलत नाही.

आणि आपण काय म्हणालो? बाईचं नशीब! छे! नशीब कसलं? ठराव होता तो! एकमतानं केलेला!

सभागृह कुठलं, विचारता? वर बघा — पंखे ओळखीचे वाटतात? रविवारी इथंच पुन्हा मत घ्यायचंय. असो. आता दोन्ही हात वर करून नाम घ्या माझ्याबरोबर. विठ्ठल... विठ्ठल...

वा! जातात की वर! पहिल्या रांगेत उपासनीसाहेबांचेसुद्धा! राहू द्या, राहू द्या — खाली कशाला घेता? दवाखान्याच्या बाजूनं कोण कोण, एवढंच बघतोय.