बापूच्या अंगावरची मरून जर्सी

मंडळी, माईक जरा खाली घ्या माझ्यासाठी. हां, असू दे तिथंच.

वैनी, भूपाल अण्णा, आपल्या टिटवी क्लबाची सगळी पोरं आणि पोरी, कवठे महांकाळवनं आणि पार म्हसवडवनं आलेली जुनी खेळाडू मंडळी. एवढ्या उन्हाचं तुमी आलात. सुभेदार बापूरावांना जाऊन आज तेरा दिवस झाले. माझ्या आधी चौघं बोलली, चांगलं बोलली. बापू देवमाणूस व्हता म्हणली. मला तसं बोलायला जमंना झालंय. काल मी अण्णांना सांगितलं, मला उभं करू नका, तोंडातनं वाकडं येईल. ते म्हणले, वाकडं तर वाकडं, पण तुमी बोलल्याबिगर सभा व्हायची न्हाई. तवा आता ऐकून घ्या.

मी बापूवर रागावलोय. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावलोय. बापूनं मला फसवलं, असं मला वाटतं, आणि ते मी त्याच्या फोटोम्होरं उभं राहून बोलतोय.

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. मी तात्या. एसटी स्टँडाजवळ माझं शिवणाचं दुकान हाय. उभ्या आयुष्यात मी हातात हॉकीची स्टिक धरली न्हाई. पण आपल्या क्लबाची एक बी जर्सी माझ्या मशीनवरनं गेल्याबिगर मैदानात उतरली न्हाई. बापू पलटणीतनं पेन्शनीवर आला तो पोतंभर जुन्या स्टिका घेऊन. गावात हॉकी कुणाला ठावं न्हवती. शाळेमागच्या मुरमावर त्यानं पोरं गोळा केली. जर्सी कुठली आणायची? पोरं पांढऱ्या बनियनवर खेळली. आणि पहिल्याच मोठ्या सामन्याला, गोलाम्होरच्या डीच्या आत, टिटवीनं अंडी घातलेली निघाली.

तुमाला ठावं हाय ही गोष्ट. तरी सांगतो. समोरचा संघ म्हणला, उचला आणि बाजूला ठेवा. बापूनं भोवतीनं धोंडे मांडले. म्हणला, हिचं घर हाय, आपुन पाव्हणे. अर्ध्या मैदानावर सामना खेळला आपुन. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत वरडत व्हती आणि आपुन पाच गोलांनी हरलो. तवापासनं सगळा तालुका आपल्याला टिटवीवाले म्हणतो. मी त्या हप्त्यात पांढऱ्या कापडाच्या अकरा जर्स्या शिवल्या आणि छातीवर टिटवी काढली, हातानं, एकेक टाका. ती पयली टिटवी कोंबडीगत दिसत व्हती, खोटं कशाला बोलू. पण बापूनं बघितली आणि म्हणला, तात्या, हिला आता बदलायची न्हाई. रंग बदलायचा, चिन्ह बदलायचं, तर तुझा आणि माझा, दोघांचा होकार पायजे. मैदानात, सगळ्यांदेखत म्हणला. आपल्या क्लबाची घटना म्हणाल तर एवढीच व्हती.

त्यानंतर दर साली दिवाळीचे सामने झाले की भूपाल अण्णांच्या कापडदुकानाच्या पायरीवर भांडणं. व्हय की न्हाई? एक म्हणायचा वाघ पायजे. एक म्हणायचा गरुड. पोरांतल्या सचिननं तर मोबाईलवर दात काढलेला लांडगा करून आणला व्हता. म्हातारी माणसं म्हणायची, टिटवी अपशकुनी, म्हणून आपुन फायनल हरतो. पोरं म्हणायची, पांढरं धुवून निघत न्हाई, मुरमानं लाल व्हतं, टीव्हीवरच्या संघांची जर्सी बघा कशी गडद असती. मी सगळ्यांशी भांडलो. लय भांडलो. अण्णांशी तर सहा महिने बोलत न्हवतो, कारण ते म्हणले, तात्या, जरा निळं करून बघू की. आणि दर वेळी बापू माझ्या शेजारी बसलेला. मी बोलायचो, तो मान हलवायचा. मला वाटायचं, तो माझ्या संगट हाय.

आता आपली रीत. क्लबाचा माणूस गेला की त्याच्या अंगावर शाल न्हाई, कोरी जर्सी पडती. अजून कुणी न घातलेली. आजवर ज्यांच्या अंगावर पडली त्या सगळ्या मी शिवल्या. बापू गेल्याचा फोन दुपारी आला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मशीनवर बसलो. दोन तास लागले. टिटवीच्या डोळ्याची कड मी दोनदा उसवली. बापूची जर्सी व्हती, चूक चालणार न्हवती.

मी पिशवी घेऊन गेलो तर बापू अंगणात तिरडीवर. आणि अंगावर जर्सी व्हती. मरून रंगाची.

मी शिंपीकाम करतो मंडळी. आधी मला माणूस दिसला न्हाई, शिवण दिसली. ती माझी शिवण न्हवती. खांद्यावर दुहेरी मशीन मारलेलं, कारखान्यातलं. छातीवर टिटवी व्हती, पण छापील. मला वाटलं कुणीतरी पोरानं आगाऊपणा केला. मी म्हणलं, ही काढा. कुणी हललं न्हाई. मग ऋतुजा म्होरं आली, बापूची नात, आपल्या पोरींच्या संघाची कप्तान. म्हणली, "तात्या आजोबा, ही आजोबांनीच आणलेली हाय. त्यांनीच सही केलीया."

सही. आठ महिने झाले व्हते. कमिटीच्या कागदावर, सगळा क्लब मरून रंगात खेळंल, म्हणून बापूची सही. अण्णांना ठावं. कमिटीला ठावं. वैनींना ठावं. सांगलीवरनं जर्स्या शिवून आल्या, बापूच्या घरात कपाटात पडून व्हत्या. आणि मी त्या आठ महिन्यांत त्या पायरीवर बसून पांढऱ्यासाठी भांडत व्हतो. पोरं माझ्याकडं बघून हसायची. मला वाटायचं, वयाला हसतात. त्यांना ठावं व्हतं. आणि बापू शेजारी बसून मान हलवत व्हता.

वैनी तवा म्हणल्या, भावजी, तुमची बी घाला त्यांच्या अंगावर, दोन्ही राहू द्यात. मी न्हाई म्हणलं. वैनी, तुमच्या त्या घडीला मी तुमाला न्हाई म्हणलं, त्याची मला लाज हाय. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच, की याला माझ्या हातचं नको व्हतं तर मी कशाला घालू. मी पिशवी तशीच परत नेली. स्मशानात सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. दहाव्याला आलो न्हाई. गावानं काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

एक सांगा मला. तुमच्या माणसानं तुमाला न सांगता काही केलं, तर ते दुखतं. पण साऱ्या गावाला सांगून, एकट्या तुमालाच सांगितलं न्हाई, तर त्याला काय म्हणायचं? त्याचा माझ्यावर इस्वास न्हवता, एवढाच त्याचा अर्थ निघतो. दुसरा निघत असंल तर कुणीतरी सांगा.

तो दुसरा अर्थ परवा ऋतुजा घेऊन आली. सकाळी दुकानात आली, बाकड्यावर बसली. म्हणली, आजोबांनी मला शपथ घातली व्हती, पण आता ते न्हाईत, आणि तुमी असं तोंड फिरवून बसलेलं मला बघवंना. मी तिला विचारलं, जे तू मला सांगितलंस ते सभेत सांगू का? ती म्हणली, मोठ्यानं सांगा. संघातल्या बाकीच्या पोरींनाबी तिनं विचारलं. त्याबी म्हणल्या, सांगा. तवा आयाबायांनो, माणसांनो, मी सांगतो. माईकवर असलं कधी बोललो न्हाई, सांभाळून घ्या.

गेल्या थंडीत पोरींचा सामना कोयनानगरला व्हता. बापू घेऊन गेलता, जीपनं, घाटातनं. मी गेलो न्हवतो, घाटात मला मळमळतं. हाफ टाइमला एका पोरीची पाळी आली. अवेळी. पांढरी जर्सी, पांढरी हाफ पँट. मैदानाच्या कडेला पाचपन्नास माणूस. कुणीतरी हसलं. पोरगी तिथं खालीच बसली, उठंना. बापूनं आपला पलटणीचा स्वेटर काढला, तिच्या कमरेला बांधला आणि तिला जीपपर्यंत स्वतः घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सरावाला ती आली न्हाई. हप्त्याभरात तिघी खेळायला यायच्या थांबल्या. ऋतुजा बापूला म्हणली, "आजोबा, पांढऱ्यात आमी खेळताना बॉलकडं बघत न्हाई. मागं हात लावून बघतो."

आपल्या गावच्या पोरी. आणि मी त्या हाफ पँटी शिवल्या व्हत्या.

ऋतुजा म्हणली, मग आजोबांनी सही केली. अट एकच घातली, टिटवी ऱ्हाईल. कमिटीला कारण सांगितलं न्हाई. पोरीची अब्रू हाय, म्हणले, तिचं नाव पायरीवर येता कामा नये. कमिटीला एवढंच सांगितलं, मी म्हणतोय म्हणून करा, आणि तात्याला मी स्वतः सांगंन, तवर जर्स्या कपाटातच ऱ्हाऊ द्या.

मी ऋतुजाला म्हणलं, मग सांगितलं का न्हाई? मला सांगायला काय व्हतं? मी कापडातला माणूस. पांढऱ्यावर काय दिसतं हे मला न कळायला मी काय लहान हाय? माझ्या घरात दोन लेकी वाढल्या. एका शब्दात सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी गडद कापडाचं ठाण काढून कापायला बसलो असतो.

ती पोरगी बाकड्यावरनं उठली. मग म्हणली, आजोबा म्हणत व्हते, मी तात्याला विचारून आलोय.

मंडळी, मी शपथेवर न्हाई म्हणलं. मला कवाच विचारलं न्हाई म्हणलं. ती निघून गेली. मी कात्री हातात घेऊन बसलो, आणि मग मला ते आठवलं.

कोयनानगरवरनं आल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी बापू दुकानात आलता. स्वेटर न्हवता अंगावर, गारठ्यात हात चोळत बसला. लग्नसराई व्हती, माझ्याम्होरं ब्लाउजांचा ढीग. बापू म्हणला, "तात्या, पोरींच्या हाफ पँटी गडद केल्या तर?" मी मान वर केली न्हाई. मी म्हणलं, आज पँट म्हणशील, उद्या जर्सी, परवा टिटवी उडवून लावशील. बापू, तूबी त्या लांडगेवाल्यांच्यात गेलास व्हय रं? आणि हसलो. त्यानं चहा घेतला. कप धुवून जागी ठेवला. म्हणला, न्हाई गड्या, सहज विचारलं. आणि गेला.

एवढंच. सगळं मिळून एवढंच बोलणं झालं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं असतं तर मला कळलं असतं. एवढी वर्षं त्याच्या छातीची, खांद्याची मापं मला पाठ, आणि त्या दिवशी तोंडाकडं बघितलं न्हाई. मग तो आठ महिने शेजारी बसून मान हलवत राहिला. मला वाटत व्हतं, व्हय म्हणतोय. तो कशाला मान हलवत व्हता हे आता मला सांगायला कोण हाय?

आता तुमी म्हणाल, तात्याचा राग गेला. न्हाई गेला. मी तुमच्याशी खोटं बोलणार न्हाई. बापू, माझं चुकलं. पण तूबी एकदाच विचारलंस. मी एकदा वाकडं बोललो, तर तू मला तिथंच सोडून दिलंस. टिटवीच्या अंड्यांसाठी तू अख्ख्या मैदानाशी भांडलास, माझ्याशी भांडायला काय झालं व्हतं? मी वरडलो असतो. दोन दिवस बोललो नसतो. तिसऱ्या दिवशी तुझ्याच दारात आलो असतो, हे तुला ठावं न्हवतं? का तुला वाटलं, हा म्हातारा आता बदलायचा न्हाई? मी तुझ्या लेखी तेवढाच व्हतो का? हे तुला विचारायचं व्हतं, आणि तू तर निघून गेलास.

तर असं हाय मंडळी. मला त्याला माफ करता येईना, आणि त्यानं मला केलं का, हे कळायला मार्ग न्हाई. ते घेऊन माझं उरलेलं आयुष्य जाईल, जाऊ दे. पण एक काम माझ्या हातात हाय, ते करतो. क्लबाचा रंग बदलायला दोघांचा होकार लागतो. एकाचा आठ महिन्यांमागं पडलाय. दुसरा मी आज देतो, सगळ्यांदेखत. पोरींनो, मरून रंग. लिहून घ्या.

आता दोन मिनिटं उभं राहूया. ऋतुजा, तू आणि तुझ्या सगळ्या पोरी म्होरं या, फोटोच्या अगदी समोर. त्या दिवशी कोयनानगरला जी खाली बसली व्हती ती इथं असंल, तर तिनंबी यावं, कुणी मागं वळून बघणार न्हाई. मी तुमच्या पाठीमागं उभा ऱ्हातो.

सुभेदार, राम राम.