रावजी मिस्त्रीची तीट

ऐका. कंदिलाची वात जरा कमी करा. आणि बबन, तू पाठ भिंतीला लावून बस. मागून कुणी हात लावला तर माझ्या नावानं बोंब नको!

हैबती मिस्त्री तुम्हाला ठाऊकच आहे. भंगारातली पिकअप दिसली की ज्याला बायकोसुद्धा आठवत नाही, तोच. गंजका पत्रा ठोकायचा, इंजिन उघडायचं, मेलेली गाडी उठवायची. जन्म गेला त्यात. पण एक काटा सलायचा. गाडी सुरू झाली की लोक म्हणायचे, "चांगली केलीस रं. पण रावजीच्या हाताची सर नाही." रावजी मिस्त्री म्हणजे पल्याडच्या आंबेवडीचा. मरून सहा वर्षं झाली, पण हैबतीचं पोट दुखायचं थांबेना!

शेवटी यानं काय करावं? रावजीची स्वतःची पिकअप गोठ्यामागं पडली होती, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. ती त्याच्या बायकोकडून आणली. आठ महिने खपला. नवी कोरी केली. चूक एकच झाली. रावजी गाडी उठवली की स्टेअरिंगमागं काळ्या ऑइलचा अंगठा उमटवायचा. लेकराला तीट लावतात ना, तसा. हैबतीनं तो अंगठा रॉकेलनं घासून काढला. वर मागच्या फाळक्यावर रंगवलं, 'हैबती मिस्त्री'. अक्षरं केवढी? हातहातभर!

दुसऱ्या दिवशी आंबेवडीचा बाजार. रावजीच्याच गावात, पहाटेच पारासमोर गाडी उभी करायची. बघू दे साऱ्यांना! म्हणून गडी अंधार पडल्यावर निघाला. बायको म्हणाली, "अहो, डांबरी रस्त्यानं जावा." हा घुसला कुसळीच्या खिंडीत. जवळची वाट ना!

चढ लागला. हॉर्न वाजला. हात कुणी लावलेला नाही. "वायर चिकटली असंल," हैबती म्हणाला. मग वायपर फिरले. पाऊस? छे, टिपूर चांदणं! मग मागं हौद्यात खट्. खट्. खट्. पान्याचा आवाज मिस्त्रीला कळणार नाही? वळून बघितलं. हौदा रिकामा. पुढं बघतोय तर शेजारच्या सीटवरून बिडीचा धूर! माणूस नाही, नुसता धूर. आणि धूर बोलला, "इंजिनचं टायमिंग चुकलंय तुझं."

आता भुतानं मान मुरगळली असती तर हैबतीनं सोसलं असतं. पण चूक काढली! आणि खरी काढली!

"गप बस!" हैबती ओरडला.

"कुणाच्या हातची रं गाडी?"

"हैबतीच्या!"

झालं! उतार लागला आणि ब्रेकवरचा पाय भसकन खाली गेला. गाडी सुटली. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. हँडब्रेक ओढला, तर दांडी हातात आली.

"कुणाच्या हातची?"

"आठ महिने मी राबलोय!"

दिवे गेले.

"कुणाच्या?"

वळण आलं. पुढचं चाक दरीवर अधांतरी फिरायला लागलं. मरण समोर, तरी हा दात खाऊन बसलाय! अगदी शेवटच्या घटकेला घशातून निघालं, "तुझ्या! रावजीदादा, तुझ्याच हातची!"

ब्रेक लागला. कच्चकन. हैबतीला जन्मात जमला नव्हता असा.

उजाडल्यावर बघतो तर फाळका कोरा. स्टेअरिंगमागं काळा अंगठा, अजून ओला. आणि इंजिन? मांजर गुरगुरावं तसं चाललेलं! हैबती ढसाढसा रडला. भीतीनं नव्हे हो, जळून!

तेव्हापासून तो भेटेल त्याला बजावतो, "कुसळीच्या खिंडीत जाऊ नका, जिवाला मुकाल." दुसऱ्या मिस्त्र्यांना तर पोराबाळांची शपथ घालतो. मीही तेच सांगतो. त्या वाटेला जाऊ नका.

फक्त एक आहे. चार मिस्त्र्यांनी हात टेकलेली गाडी आली की हैबती म्हणतो, "ठेवून जा. रात्री निवांत बघतो." सकाळी गाडी गुरगुरत असते, चाकांना कुसळीच्या खिंडीतली माती. आपली गाडी त्याच्याकडून आणलीत की स्टेअरिंगमागं बोट फिरवून बघा. काळं लागलं तर गुमान पुसून टाका... अरे नाही नाही! पुसू नका! ठार मराल!