लाईनीतला आठवा भाऊ

फुटबॉलची लाईन म्हंजे डोक्याला ताप हाय बघा. परवा फायनलला तासभर उभा हुतो. म्होरं एक मिशीवाला हुता, येईल त्याला लाईनीत घ्यायचा. कुणी बोललं की म्हणायचा, "भाऊ हाय माझा." असं सात भाऊ घुसवलं! तेवढ्यात आत म्याच चालू झाल्याची शिट्टी वाजली, तसं माझं टाळकं सरकलं. गेलो थेट म्होरं, त्याच्या खांद्यावर हात टाकून वरडलो, "दादा, आईनं डबा दिलाय की!" सगळी लाईन बघाय लागली. न्हाय म्हणतोय कसा? गपगुमान घेतलं आत.

हाफटाईमला गडी मला हुडकत आला. म्हणाला, "काढ डबा." माझं सगळं भडंग खाल्लं आन् उठताना म्हणतोय, "आईला सांग, तिखट कमी पडलंय."