मरळीचं डोकं कोनाच्या ताटात

माहं माहेर रामाकोन्याचं. आमचे बाबा हप्ताभर दुसऱ्याच्या वावरात राबत अन् सुट्टीच्या दिवशी नदीवर गरी टाकून बसत, मी त्याईच्या बाजूले. बाबा जास्त बोलत नव्हते, एवढंच म्हनत, बाई, सावली पान्यात पडू देऊ नको, मासा पाहते. अन् घरचा कायदा असा का जो मासा काढन त्याच्या ताटात डोकं. मरळीचं डोकं म्हनजे काय सांगू तुम्हाले ताई, चोखत बसा निवांत. ते बाबाच्याच ताटात जाये, मी पाहत राहो.

लगन होऊन इकडं तिगावले आली, इकडं संत्र्याचे बगीचे, कामच काम. फळानं फांदी मोडू नये म्हनून खालून बांबूचा टेकू देतो आम्ही, सुतळीनं बांधतो. ते गाठ मी डोळे मिटून बांधो. बगीचावाला म्हने तुह्यासारखी गाठ कोनाची नाही, अन् मी फुगून जाओ.

पोरं मोठी झाली, सासू म्हने आता बस जराशी. मी म्हटलं बसते, पन तलावावर बसते, गरी घेऊन. हसले ना सगळे! नवरा म्हने बाईमानसाले शोभते का, मरळ पाहिजे त बाजारातून आनतो. आनली बी त्यानं. मी शिवली नाही. म्हटलं, माह्या हातानं काढीन, डोकं माह्या ताटात पडन, तवाच मरळ खाईन. वरन-भात खाल्ला अन् उठली. माही जिद तशीच आहे, लहानपनापासून.

मरळ कुठं राहते, त जिथं पान्यावर पानं दाटलेली असतात तिथं. हवा घ्याले वर येते, बुडुक करते, ते जागा ध्यानात ठेवाची. गरीले बेंडकी लावाची. तिनं धरलं का लगेच ओढू नका, तोंडात नीट घेऊ द्या, मंग झटका. हे मले सगळं येत होतं. तरी लागली का जराशी ओढली जाये अन् दोरी ढिल्ली. गरीसकट पसार!

दीर म्हने दोरी पातळ आहे. जाड आनली. गेली. मंग म्हने गरी लहान आहे. मोठी आनली, ते बी गेली. पोरानं नागपूरहून दोरी गुंडाळाच्या चरखीची काठी आनली, लय भारी, मले त हात लावाले भेव वाटे. तिच्यावरूनही गेली. नवरा म्हने आता काय मोटर बसवतं का? मले असा राग आला.

बांधावरच बसली दोरी हातात घेऊन. पाहते त टोक डुकराच्या शेपटीवानी गोल गोल. दोरी तुटली असती त टोक असं गुंडाळलं नसतं. दोरी तुटलीच नव्हती ताई, गाठ सुटली होती! मी टेकूची गाठ बांधून राहिली होती. ते गाठ अशी असते का फळं तोडले अन् शेंडा ओढला का सुटली पाहिजे, सुतळी पुन्हा कामी येते. सुतळी धरून ठेवते, नायलॉन सरकते. मले हसू आलं, मंग रडू आलं. ज्या गाठीचा मले एवढा तोरा, तेच मासे सोडून देत होती.

आता हाताले तेच वळन. बाबा गरीले बांधत तशी गाठ बांधाले गेली का बोटं टेकूवरच जात. पन मी सोडलं नाही. गरीच्या भोकातून दोरी घ्याची, तिच्याच भोवती गुंडाळाची, टोक भोकापासच्या फटीतून काढाचं, थुकी लावाची, मंग हळूहळू आवळाचं. कोरडी आवळली का दोरी जळते. बालटीच्या कडीले बांधून पाहो, दाराच्या कडीले बांधून पाहो. सासू म्हने घर पळून चाललं का?

अन् मंग लागली. काय ओढे ताई, काठी वाकली, माहे पाय चिखलात. मी म्हटलं आज तू नाही त मी नाही. आली बाहेर, काळी, चकचकीत, हातभर!

नवऱ्यानं गरी सोडाले घेतली, गाठ काही सुटेना. दातानं ओढली, तरी सुटेना. ब्लेडनं कापली शेवटी. जेवाले बसलो तवा त्यानंच कढईतून डोकं उचललं अन् माह्या ताटात ठेवलं. म्हने, खा, तुहं आहे. बाबा पाहाले पाहिजे होते असं वाटलं मले. मंग बाबासारखीच चोखत बसली, निवांत.

अजूनही जातेच मी, आता नवरा डबा घेऊन येते. तुम्ही एवढी महाग काठी घेऊन आल्या म्हनून सांगते ताई, काठी मंग पाहू, पहिले गाठ बांधून दाखवा. अन् जा मंग, तुमच्याही ताटात डोकं पडो.