तीन पाण्यांतून काढलेली वाळू

माझं माहेर पावसच्या बाजूचं, बाबा दुसऱ्यांच्या बागांत माडांवर चढायचे, आवस, म्हणजे आई, नारळ सोलायची आणि करवंट्या न्हाणीच्या चुलीत जायच्या, त्याच करवंटीनं एक दिवस मी गाड्यांचे पार्ट साफ करीन असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते गो. बस ना तू, उभी का. तुझ्या आजोबांच्या स्कूटरचा कार्बुरेटर बघितला मी, त्याचं नंतर सांगते. बोलत नाहीस काही, इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोरी अशाच असतात की तूच अशी, असू दे, मी बोलते दोघींचं.

लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा ह्यांची ही शेड होती, पत्र्याची. काय सांगू तुला, काम म्हणजे हवेच्या जोरानं पाइपातून वाळू मारायची, ट्रकच्या रिमवर, चासीवर, गंज आणि जुना रंग उडून खालचं लोखंड असं पांढरं निघायचं की बघत राहावं. वाळू आमची किनाऱ्यावरचीच. पण तिच्यात खार, आणि खार राहिला की नव्या रंगाखाली परत गंज धरतो, म्हणून ती गोड्या पाण्यानं धुवायची, ते काम माझं. विहिरीवर तीन पाण्यांतून काढायची, दाणा जिभेवर ठेवून बघायची, खारट लागला की चौथं पाणी, मग कातळावर पसरायची भात वाळत घालतात तशी, आणि चाळून ह्यांच्या हातात द्यायची. ह्यांच्याकडून नेलेल्या गाडीचा रंग सुटत नाही असं नाव होतं. खार गेला म्हणजे दोष गेला, असंच आम्ही दोघं धरून चाललो. हे तोंडाला ओला पंचा बांधायचे, झालं.

मग खोकला लागला. आधी म्हटलं धुळीचा असेल, मग म्हटलं हवा बदलली, मग घाटी चढताना हे वळणावळणावर थांबायला लागले आणि समुद्र बघतोय असं म्हणायला लागले. जन्म इथे गेला, समुद्र काय बघायचा. मी धरून नेलं दवाखान्यात.

डॉक्टरीण तुझ्याएवढीच, छातीचा फोटो उजेडावर धरून म्हणाली, कामाला काय वापरता. मीच पुढे होऊन सांगितलं, तीन पाण्यांत धुतलेली वाळू असते हो, एकदम स्वच्छ. तिनं फोटो खाली ठेवला. मग हळू म्हणाली, काकी, मीठ धुतलंत, पण घात त्या दाण्यातच आहे, तो लोखंडावर आपटून फुटतो आणि डोळ्यांना दिसणार नाही अशी धूळ होते, पंच्यातून आत जाते आणि छातीत बसते ती बसतेच. झालं ते परत फिरत नाही, आता उरलंय तेवढं सांभाळायचं.

रिक्षात मी माझे हात बघत बसले. ह्यांनी बघितलं. म्हणाले, सुमन, तू धुतलीस म्हणून लोकांच्या गाड्या टिकल्या, बाकीचं मला तरी कुठे ठाऊक होतं. एकदा तरी मला बोल लावला असता ना, तर सोपं गेलं असतं मला. नाही लावला. आजपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाळू बंद. एक कंत्राटदार रिमांचा टेम्पो घेऊन आलेला, म्हणाला मिस्त्री, नाटकं नकोत, वाळूनं झटपट होतं, तुम्ही नाही तर खालचा शेडवाला करील. हे म्हणाले, खालच्यालाही छाती आहे. आणि संध्याकाळी हेच घाटी उतरून त्या खालच्या शेडवाल्याकडे गेले, ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, फोटो दाखवायला. तो म्हणाला, धंदा बुडाला म्हणून माझा बुडवायला आलास होय रे. हे म्हणाले, बघ तरी. परत चढून यायला किती वेळ लागला ते मी दारात उभी राहून बघितलंय. महिन्याभरानं तोच आला विचारायला, वहिनी, तुम्ही आता काय वापरता.

तर मग हे खुर्चीवर आणि मी कामाला, ते सांगायचे, मी करायची. जाड लोखंडाला स्टीलचे दाणे, अॅल्युमिनियमला काचेचे बारीक मणी, मऊ पार्टला करवंटीचा भुगा, धातूला ओरखडा येत नाही. पण दाणा बदलला म्हणजे दोष गेला असं नाही हां, तीच चूक परत करायची नाही, उडणारा गंज आणि जुना रंगसुद्धा विषच. म्हणून ती बंद पेटी, बाहेरून तिच्या हातमोज्यांत हात घालायचे, धूळ मशीन ओढून घेतं. पेटीत न मावणारं असलं की डोकं-तोंड झाकणारी ती टोपी, तिला नळीनं बाहेरची चांगली हवा. ब्रेकच्या पार्टवर काहीच मारायचं नाही, जुन्यांत वेगळी वाईट धूळ असते, ओल्यानंच पुसायचं. तुझ्या कार्बुरेटरला खायच्या सोड्याचे दाणे, त्याच्या बारीक भोकांत मणी अडकला तर जन्मभर खोडी, सोडा पाण्यात विरघळून जातो.

उरलेल्या वाळूचा ढीग मला बघवेना. ह्यांनी आधी ती भिजवून घेतली, धूळ उडायला नको म्हणून, आणि सिमेंटात घालून शेडचा कोबा केला. तू बसलीस तिथे खालीच आहे ती, मी धुतलेली. रोज तिच्यावर उभी राहून काम करते मी.

हे त्या दारात बसतात, लांब चालवत नाही आता, पण नुसत्या आवाजावरून सांगतात, सुमन, नोझल झिजलं बघ. चुकत नाहीत.

शनिवारी ये. स्कूटर चालू झाली की मुद्दाम ह्या दारावरून ने, ते आवाजावरून ओळखतील, हसतील, हसले की खोकला येतो त्यांना, पण तू ने. आणि तुला काय आशीर्वाद देऊ, श्वास पुरा मिळो गो तुला, बाकीचं माणूस करून घेतं.