अंगनातलं जेवन

माहेर माहं देऊळघाटचं, दिलं मले चिखलीत. काय सांगू तुमाले, आमच्या घरी मार रोजचाच, बाप मायेले मारे, माय आमाले मारे, अन् मी तो मार खाऊन शाळेत जाऊन पोट्ट्याइले मारत होती. एकाचं तं डोकंच फोडलं दगडानं, माही बोरं घेतली म्हनून. खान्यावरून कोनी काही केलं का माहं डोकं फिरते, अजून फिरते. नवरा बरा भेटला, बाजारात हमाली करते. एकदा त्यानं हात टाकला तं मी फुकनीनं असा हानला का मंग पुन्हा नाई टाकला.

तं मी लेकरं सांभाळते. सकाळी जायचं, सांज पडली का यायचं. लेकराले तूप-भात कालवून भरवायचा, हा घास चिऊचा, हा घास काऊचा, अन् आपल्या पोटात कावळे ओरडून राह्यले. आपली भाकर डब्यात, उन्हाळ्यात भाजी दुपारलोक विटून जाते. बाई, तू बी बस, दोन घास खाय, असं कोनी म्हनते का? चहा देतात, तोही वेगळ्या कपात. तुमचं लेकरू जिच्या हातानं जेवते तिलेच उपाशी ठेवता, मंग लाज कशी नाई वाटत बाप्पा तुमाले?

आता ऐका. आडत्याच्या घरी लागली मी. वहिनी शाळेत मास्तरीन, भाऊ दिवसभर दुकानात, घरात भाऊंची माय, तिले सारे मोठ्या बाई म्हनत, अन् त्याइची एकच पोट्टी, पिंकी. माह्या मांडीवरच वाढली म्हना ना. मंग ती आजारी पडू लागली, ताप उतरे अन् पुन्हा चढे, दवाखाने झाले, हातापायाच्या काड्या झाल्या. अन् त्याच दिवसाइत मोठ्या बाईले माही कीव आली. शनिवार आला का दहीभाताचं ताट द्यायची मले, वर पोळी. फक्त म्हने अंगनात बसून खाय, ताट घरात आनू नको, तिथंच नळावर घास. ते मले काही नवं नव्हतं, आमच्यासारख्याचं ताट वेगळंच असते. खाऊन झालं का विचारायची, सारं खाल्लं ना बाई, ठेवलं तं नाई ना काही. मले वाटे, किती माया करते म्हतारी. मी घरी येऊन नवऱ्याले सांगे, देवमानूस हाय.

एका शनिवारी मी लवकर गेली. दार उघडंच. पाह्यलं तं पिंकी पाटावर, अन् मोठ्या बाई तेच ताट तिच्या डोक्यावरून पायालोक उतरून राह्यल्या, इडापिडा घेऊन जाय म्हनून. कुत्र्याले टाकतात ना, तो उतारा. तो मी खात होती, बोटं चाटून.

मी म्हनलं मोठ्या बाई, हे काय? ती म्हने, त्यात काय झालं, तुह्या पोटात गेलं, फुकट तं नाई गेलं. वहिनी दारात उभी, तिले सारं ठाऊक होतं, खाली पाहून राह्यली. मंग माहं डोकं फिरलं. म्हतारीचा जबडा धरला अन् तो दहीभात कोंबला तिच्या तोंडात, खाय, आता तू खाय, सारं खाय. तिनं माहे केस उपटले, मी तिले भिंतीवर आदळलं, ओठ फाटला तिचा. भाऊ आतून पळत आला, कानाखाली हानली, मी त्याच्या मनगटाले चावली, रक्त लागलं तोंडाले, तरी सोडलं नाई. त्यानं ओढत नेऊन दारापुढच्या ओट्यावरून खाली फेकलं. हात असा मोडला का हाड दिसत होतं. अन् पिंकी ओट्यावरून उतरून आली, मले वाटलं बिलगते, तं इवल्या मुठीनं माह्या पाठीवर मारू लागली, माह्या आजीले काऊन मारलं, काऊन मारलं. भाऊचा मार काहीच नव्हता हो त्याच्यापुढं.

पोलिसात ना ते गेले, ना मी. हात वाकडाच जुळला, ह्या डाव्या हाताची बोटं मिटत नाईत. आता दुसरीकडं लागली हाय. तिथं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, दुपारचं जेवन मी घेईन, घरात बसून घेईन, अन् तुमचा भात ज्या गंजात शिजते त्याच गंजातून घेईन. बाई हसली, म्हने एवढंच ना. बरी हाय.

परवा येष्टी स्टँडवर वहिनी दिसली. पिंकी होती संग, शाळेच्या कपड्यात, गालावर मांस चढलं. मले पाहून वहिनीच्या मांगं लपली. मी जवळ गेली नाई. मोठ्या बाईनं नुसतं विचारलं असतं, बाई, पोट्टीवरचं तू घेशील का, तं मी नाई म्हनली असती का? चोरून काऊन चारलं? वहिनी पोट्टीले घेऊन गाडीत चढली. मी तिथंच खांबाआड उभी राह्यली, पोट्टीकडं पाहून उजवा हात हवेत फिरवला, अन् त्याची बोटं माह्या कानशिलावर कडाकडा मोडून घेतली.